कुरूप पोराचा फोटो

नारीन या डोंगरातल्या गावच्या बाजारात कलीपाचं दुकान म्हणजे एक खुर्ची, एक पांढरा पडदा आणि मागे फोटो धुवायची अंधारी खोली. रशियाला कामाला निघालेला जो तो पासपोर्टच्या फोटोसाठी तिच्यापुढे बसायचा. "हनुवटी वर. हसू नकोस. हलू नकोस." दिवसभर हाच जप. पण रविवार उजाडला की बाईच्या अंगात यायचं. जुना झेनित कॅमेरा गळ्यात अडकवून ती नदीकाठी जायची, शटर अंमळ जास्त वेळ उघडं ठेवायची आणि तेवढ्यात कॅमेराच वर-खाली नाहीतर गर्रकन आडवा फिरवायची. पॉपलरच्या झाडांच्या उभ्या रेघा व्हायच्या, मेंढरांचा कळप पिंजलेल्या लोकरीसारखा पसरायचा. मेंढपाळाची लेक ती, नीट चालता येण्याआधी घोड्यावर बसलेली. घोडा उधळला की डोंगर, तंबू, माणसं सगळी एकमेकांत मिसळतात. तिला तेच खरं जग वाटायचं.

शेजारचा चहावाला शेयशेन तिला एजे, म्हणजे ताई म्हणायचा. भिंतीवरचे हे फोटो बघून तो विचारायचा, "कलीपा एजे, काल जरा जास्त झाली वाटतं?"

"मला नाही रे, कॅमेऱ्याला. तुझा चहा पाजला होता त्याला!"

हसणं बाहेरचं. आत सल होता. तीन वर्षांपूर्वी गावातल्या म्हाताऱ्या उमसुनाई आपाच्या पहिल्या नातवाचा फोटो तिने काढला होता, अगदी पापणीन् पापणी मोजून घ्यावी असा स्वच्छ. इथे चाळीस दिवस बाळ बाहेरच्याला दाखवत नाहीत. आपाने हौसेपायी तेवढं मोडलं, आणि चाळिसावा यायच्या आत पोर गेलं. तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण त्यानंतर कुठल्याही बारशाला, कुठल्याही बाळंतिणीच्या घरी कलीपाला बोलावणं आलं नाही. दृष्ट लागते म्हणे तिच्या कॅमेऱ्याच्या काचेची. स्वतःचं मूल नसलेल्या बाईला हे किती लागत असेल, याचा विचार करायला गावाला सवड नव्हती.

आणि एका सकाळी उमसुनाई आपाच दुकानाच्या दारात उभी. आत येईना.

"सुनेला पुन्हा मुलगा झालाय," ती चौकटीशीच बोलली. "माझा केनेश रशियातून दर रविवारी फोनवर रडतो. म्हणतो, आई, निदान एक कान तरी दाखव. चाळीस दिवस थांब म्हटलं, तर म्हणतो, चाळीस दिवसांचा भरवसा कोणी द्यायचा?"

कलीपा मान खाली घालून म्हणाली, "आपा, मला नका सांगू. माझा हात त्या घराला नको."

आपाची नजर मात्र भिंतीवर खिळली होती. "ते काय आहे गं?"

"मेंढरं."

"कुठायत मेंढरं?"

"दिसत नाहीत. पण आहेत."

म्हातारी चौकटीतूनच पुढे वाकली. "मग लांडग्यालाही नाही दिसायची," ती म्हणाली. "दृष्टीलाही नाही. उद्या ये. पण तोंड दिसलं ना, तर तिथेच चुलीत घालीन."

दुसऱ्या दिवशी आपाने आधी कॅमेऱ्याभोवती अर्चाच्या सुगंधी झुडपाचा, दृष्ट घालवणारा धूर फिरवला, मग कलीपाभोवती, आणि उरलासुरला स्वतःभोवती. बाळाच्या कपाळाला काजळी फासलेली होतीच. जमिनीवरच्या लोकरी नमद्यावरचा लाकडी पाळणा आपा स्वतः डोलवायला बसली. खिडकीच्या उजेडात कलीपा गुडघ्यांवर बसली. तोंड पुसट व्हावं म्हणून पाळणा डावीकडे झुकला की तिने कॅमेरा उजवीकडे न्यायचा, असं दोघींचं चाललं. सून कोपऱ्यातून बघत होती.

फोटो धुताना आपा अंधाऱ्या खोलीत हट्टाने उभी राहिली. लाल दिव्याखाली पहिला कागद औषधाच्या पाण्यात सोडला. पांढरट झोत उमटला, त्यावर पाळण्याच्या दांडीची लांबलचक काळी सावली. आपाने मान डोलावली.

दुसऱ्या कागदावर एक डोळा उमटला. कुठे तरी कलीपाचा हात पाळण्याबरोबरच गेला होता, आणि मूल टक्क बघत होतं. टपोरा डोळा, भिवई, गालावरची खळीसुद्धा. एवढा सुंदर फोटो तिने जन्मात काढला नव्हता. बापाला हाच पाठवावा असं तिच्या मनात आलं. का येऊ नये?

आपाच्या तोंडून शब्द फुटायच्या आत कलीपाने तो ओला कागद उचलला, फिल्मचा तेवढा तुकडा कात्रीने कापला, बाहेर आली आणि दोन्ही शेगडीत टाकले.

आपा तिच्यामागे येऊन उभी होती. म्हणाली, "छान आला होता ना?"

"कसला छान!" कलीपाने नाक मुरडलं. "इतकं कुरूप पोर मी आजवर बघितलं नाही. माकड मेलं."

उमसुनाई आपाचा चेहरा एकदम सैल पडला. दृष्ट लागू नये म्हणून नातवाला इतक्या मायेने कोणी नावं ठेवली नव्हती.

पहिला, पुसट फोटो रशियाला निघालेल्या एका ड्रायव्हरच्या हाती गेला. मग दिवस गेले, आणि आपाकडून काहीच निरोप येईना. कलीपाचं पासपोर्टच्या माणसांवर खेकसणं वाढलं. शेयशेनची थट्टाही तिला सोसवेना.

शेवटी आपा आली. या वेळी थेट आत येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीवरच बसली.

"उद्या चाळिसावा. बाळाला चाळीस चमचे पाण्याची अंघोळ आहे. मानाचा पहिला चमचा तू घालायचास."

"मी?" कलीपाने हातातली कात्री खाली ठेवली. "आपा, लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मला काय सांगतेस? काल केनेशचा फोन आला होता." म्हातारीने डोक्याच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. "म्हणाला, आई, नाक नाही दिसलं, कान नाही दिसला. पण मागच्या वेळी पहिल्याचा फोटो मला मिळाला, तेव्हा पोर जाऊन आठवडा झाला होता. किती बघितलं त्याच्याकडे, जागचं हलेचना. हे हलतंय गं, आई. हे हलतंय."