जमीन तुमची, वाफा आमचा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंइतका सरळ आणि तितकाच डोकं फिरवणारा माणूस अख्ख्या बंगलोरात दुसरा नसेल, हे मी पैजेवर सांगते. नव्वदच्या सुमाराला निपाणीहून बदली होऊन ते राजाजीनगरात आमच्याकडे राहायला आले आणि पहिल्याच रविवारी परसात वाफा घालू का, असं विचारायला खाली उतरले. मी म्हटलं, घाला की, जागा पडूनच आहे. तर हे गृहस्थ जमिनीवर आधी फरश्या अंथरून, त्यावर सिमेंटशिवाय नुसत्या विटा रचून गुडघ्याएवढा उंच वाफा करायला बसले! खाली एवढी छान तांबडी माती असताना हा उपद्व्याप कशाला, म्हणून विचारलं, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "अक्का, जमीन तुमची, वाफा आमचा. आमचं मूळ तुमच्या जमिनीत जाता कामा नये."

कारण मला वहिनींकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून, कळलं. आधीच्या भाड्याच्या घरी त्यांनी हौसेनं शेवगा लावला होता. त्याला पहिल्या शेंगा धरल्या आणि मालकानं घर रिकामं करायला सांगितलं. तेव्हापासून ह्यांनी धसकाच घेतला होता. आता आम्ही काय त्यांना घालवणार होतो? करार नवा करताना दर खेपेला मी म्हणायची, खुशाल राहा हो. ते कन्नडात "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणायचे आणि आणखी एक वाफा रचायचे.

पण रोप निवडायला निघाले की काय तो उत्साह! पान बघायचं नाही, फूल बघायचं नाही, आधी मूळ किती खोल जातं ते विचारायचं. नर्सरीवाल्याला ते अर्ध्या कन्नडात इतकं पिडत की यांना लांबून पाहिलं की तो झारी उचलून मागच्या बाजूला पळायचा. मेथी पास, कोथिंबीर पास, पालक तर पहिल्या नंबरानं पास. टोमॅटो जरा खोल जातो असं कळल्यावर त्याच्यासाठी वाफ्यावर विटांचे आणखी थर चढले आणि परसात किल्ला उभा राहिला. मेथी उगवली की भल्या सकाळी दार ठोठावून माझ्या सासूबाईंनासुद्धा बघायला ओढून नेत. त्या दिवसांत आम्ही इतकी मेथी खाल्ली की अजून नाव काढलं की नको होतं. कढीपत्त्याला मात्र साफ मज्जाव. नर्सरीत वहिनी नेमक्या त्या रोपापाशी रेंगाळायच्या आणि हे म्हणायचे, "ते झाड राहणाऱ्यांचं. आपण जाणारे."

सात-आठ वर्षांनी त्यांनी आनेकलच्या बाजूला स्वतःचं घर बांधलं. निघायच्या दिवशी विटा, फरश्या आणि पोत्यांत भरलेली माती, सगळं टेम्पोत चढलं. मला फार वाईट वाटत होतं. ते लपवायला मी उगाच ओरडले, अहो, कोपऱ्यातला एक वाफा राहिला. ते मला तिथं घेऊन गेले. वाफ्यात कढीपत्त्याचं एवढंसं रोप होतं.

"हा राहू दे अक्का. खालच्या फरश्या काढल्यात मी."

मी म्हटलं, इतकी वर्षं लावला नाहीत, आज कसा लावलात?

"आज आपणहून निघालोय," ते म्हणाले. "आता भीती कसली?"

वहिनी पदरानं डोळे पुसत टेम्पोत चढल्या.

आता ते झाड गच्चीला लागलंय आणि त्याची पिल्लं पार पायरीपर्यंत फुटतात. सून ती उपटायला निघते. मी तिला हात लावू देत नाही. म्हणते, राहू दे, आमचे वरचे भाडेकरू आहेत ते.