पाण्याच्या दिवशी दुखलं नाही

माझ्या उजव्या बरगडीवर नागीण उठली तेव्हा मी आधी डॉक्टरकडं गेले नाही, गेरूनं लिहून देणाऱ्या म्हाताऱ्याकडं गेले. आमच्याकडं सगळे तेच करतात. त्यानं फोडांच्या दोन्ही टोकांना रेघा ओढल्या, काहीबाही पुटपुटला आणि म्हणाला, आता नागिणीचं तोंड शेपटाला मिळत नाही, म्हणजे तुम्ही मरत नाही. मेले नाही हे खरं. पंधरा दिवसांत खपल्या पडल्या आणि घरानं मला बरी धरली.

आग मात्र राहिली. मणक्यापासून छातीखालपर्यंत चार बोटांचा पट्टा. तळहातानं दाबून धरला तर सोसायचा, पण कापड नुसतं घासून गेलं की तवा टेकवल्यासारखं व्हायचं. कातडी बघावी तर साफ. दाखवायला काहीच नाही. मी पोलकं घालणं सोडलं, ती बाजू उघडी ठेवून बसायला लागले. कुणी आलं की मुलाला लाज वाटायची. सून म्हणायची, "आत्या, नागीण तर कवाच गेली की."

आमच्या गल्लीत पाणी आठवड्यानं सुटतं, तेही तासभर. एकदा घरात मी एकटीच होते. पाणी सोडणारा लाईनमन रस्त्यातली चावी फिरवून गेला तशी मी उठले. बादल्या, हंडे, मागची टाकी, सगळं भरलं. हंडा त्याच कडेवर. तासभर मला काही म्हणजे काही जाणवलं नाही. पाणी गेलं, मी ओट्यावर टेकले आणि पट्टा पेटला. सून कामावरून आली होती, शेवटचे दोन हंडे तिनं फाटकातून पाहिले होते.

जेवताना ती मुलाला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "नळ आला की आत्यांचं दुखणं जातंय. औषध कशाला, लाईनमनलाच रोज बोलवा."

मुलगा हसला. सुनेचं बोलणं मी सोडून दिलं असतं, त्याचं हसणं मनातून गेलं नाही. त्याहून वाईट म्हणजे मलाच शंका आली. खरंच, तेव्हा का दुखलं नाही? मी ढोंगी आहे का?

कुणाला न सांगता रिक्षा करून औरंगपुऱ्यात गेले. तिथं नसांच्या दुखण्याची डॉक्टरीण बसते, वयानं माझ्या नातीएवढी. मी तिला आधी पाण्याचीच गोष्ट सांगितली.

ती म्हणाली, "आजी, गावाची टाकी भरली की लगेच तुमच्या नळाला पाणी येतं का?"

"तसं येत असतं तर या वयात हंडे कशाला उचलले असते?"

ती हसली. म्हणाली, दुखण्याचंही तसंच आहे, मधे चावी असते. कातडीतून कळ निघते ती सरळ डोक्यात जात नाही. आधी पाठीच्या कण्यात येते. कण्याच्या आत मज्जारज्जू असतो, त्यात बारीक पेशी असतात. काही पेशी कळ पुढं पाठवतात, काही तिला अडवतात. लागलं की आपण ती जागा चोळतो, तेव्हा चोळल्याचा निरोप तिथं पोचतो आणि चावी जरा आवळली जाते. डोक्याकडूनही खाली हुकूम येतो, की आता घाई आहे, कळ थांबवा. पाणी भरताना तुमच्या डोक्यानं तेच केलं. नागिणीनं तुमची नस जाळली. ती सारखी ओरडत राहिली, अडवणाऱ्या पेशींचा जोर गेला आणि पाठवणाऱ्या इतक्या चिडल्या की पदर लागला तरी आग लागली म्हणून वर कळवतात. झोप नसली, धास्ती असली, घरात कुणी खरं मानत नसलं, की चावी आणखी ढिली होते.

"म्हणजे मी ढोंग करत नाही?"

"नाही."

"मग तसं कागदावर लिहून द्या. माझ्या घरी दाखवायचंय."

"असं कुणी लिहून देत नाही, आजी." तिनं गोळ्या लिहून दिल्या. म्हणाली, यानं कमी होईल, सगळं जाईल असं सांगत नाही. फोड उठल्यावर पहिल्या तीन दिवसांत आल्या असतात तर फरक पडला असता. गेरूचं मी तिला सांगितलं नाही.

परत येताना मला माझी धाकटी जाऊ आठवली.

तेव्हा आम्ही लासूर स्टेशनला एकत्र राहायचो. दोघी अडतीच्या दुकानात धान्य चाळायला जायचो. तिला नागीण झाली, सुकली आणि पुढं वर्ष झालं तरी ती आग आग करत होती. पोलकं अंगाला लागू देत नव्हती. तिच्या वाटणीचं चाळण माझ्यावर आलं. मी सासूला सांगायची, कामचुकार आहे. सासूला पुरतं पटत नव्हतं. मग एक दिवस तिची पोरगी हौदात पडली. जाऊ अंगणातून पळत आली, पोरीला वर ओढलं, त्याच कुशीला दाबून धरलं आणि दवाखान्यापर्यंत अनवाणी धावली. पोरगी वाचली.

दुसऱ्या दिवशी मी सासूला म्हणाले, "बघितलं ना? पोर उचलताना दुखत नाही, चाळणी उचलताना दुखतं."

सासूला ते पटलं. जावेला डॉक्टरकडं न्यायचं ठरलं होतं ते राहिलं. चाळणी पुन्हा तिच्या हातात आली. ती चाळताना ओठ दाबून रडायची आणि मी बघत नव्हते. मी मुद्दाम तोंड फिरवून बसायची.

गोळ्या सुरू करून महिना झाला तेव्हा मी लासूरला गेले. जाऊ आता लेकीकडं राहते, त्याच लेकीकडं. तिनं मला पाटावर बसवलं, पाणी दिलं. मी आडवळण घेतलं नाही. नागीण झाल्याचं सांगितलं, पाण्याचा दिवस सांगितला, डॉक्टरीण काय म्हणाली तेही. शेवटी म्हणाले, "तुझं खरं होतं. मी सासूला खोटं पटवलं."

तिनं माझ्या हातातलं भांडं घेऊन खाली ठेवलं. मग उठली, माझ्या मागं आली आणि स्वतःच्या पदराचं टोक माझ्या बरगडीवरून हलकेच ओढलं. दाबलं नाही. कुठं आणि कसं लागतं ते तिला ठाऊक होतं. मी किंचाळले. लेक आतून धावत आली.

"काय नाय गं," जाऊ म्हणाली. "अक्कांचं खरं दुखतंय का ते बघत होते. दुखतंय." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मी बघून तरी घेतलं. तुम्ही तेवढंबी केलं नव्हतं."

"तुझं कशानं गेलं?" मी विचारलं.

"तुमच्यातून वेगळी झाले, मग हळूहळू गेलं."

चहा झाला. तिनं माफ केलं असं काही म्हटलं नाही, मीही माफी मागितली नाही. गाडीची वेळ झाली तशी निघाले.

पुढच्या आठवड्यात पाणी सुटलं. सून घरात होती. लाईनमनचा आवाज आला तसा माझा हात आपोआप हंड्याकडं गेला. कळ दबली होती. त्या दिवसासारखे सगळे हंडे भरता आले असते. मी हात मागं घेतला, ओट्यावर बसले आणि बरगडी धरली. सून एकटी बादल्या वाहत होती. तिसऱ्या फेरीला थांबली, कपाळ पुसलं आणि नागीण उठल्यापासूनच्या आठ महिन्यांत पहिल्यांदा तिनं विचारलं, "आत्या, लई दुखतंय का?"

"व्हय," मी म्हणाले.

तिला ते खरं वाटलं.