एका नराच्या दोन कुप्या

तेव्हा मी ठाण्यात एका गोऱ्या जंगल-अधिकाऱ्याकडे नकाशे काढायला होतो. साहेबाला आठ पायांच्या कोळ्यांचा नाद. मुंगीचं सोंग घेणारा एक तांबडा कोळी त्याच्यापाशी होता, पण ती मादी. नर पाहिल्याशिवाय हा प्राणी कुठल्या कुळात घालायचा ते ठरेना, आणि आठवड्याभरात साहेब कायमचा विलायतेला निघालेला. मी आपला सांगून बसलो, "मी आणतो."

मुंब्र्याच्या डोंगराखाली तेव्हा दाट आमराई होती. तिथल्या तांबड्या मुंग्या पानं जोडून घरं करायच्या आणि फावल्या वेळात माझ्या धोतरात शिरायच्या. तिसऱ्या दिवशी राखणदार म्हातारा बाजेवरूनच म्हणाला, "दादा, तुमच्या बाहीवर हाय बगा तो."

"ही मुंगी आहे."

"मुंगी सुताला लोंबते काय कंदी? पाय मोजा."

पाय आठ निघाले. पुढचे दोन पाय गडी मुंगीच्या मिशांसारखे हलवत होता.

स्पिरिटच्या कुपीत टाकल्यावर दिसलं, पठ्ठ्याने तोंडात आणखी एक मुंगी धरलीय. लांबट डोकं, टोकाशी दोन काळे डोळे. साहेबाला नमुना स्वच्छ हवा असणार, म्हणून घरी मी ती शिकार चिमट्याने अलगद उपटली, वेगळ्या कुपीत ठेवली आणि वळणदार अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या. एकीवर 'नर', दुसरीवर 'त्याचं जेवण'.

साहेब भिंगातून बराच वेळ पाहत राहिला. "याचे जबडे कुठे?"

मी ऐटीत दुसरी कुपी पुढे केली. "जबड्यांचं ठाऊक नाही, पण तोंडातली मुंगी ही."

त्याने तीही पाहिली. मग हळूच म्हणाला, "हेच जबडे. डोळे म्हणजे नुसते ठिपके. नराचेच जबडे एवढे लांब असतात."

उरलेले दिवस मी आमराईतच काढले. राखणदार रोज विचारी, "आज काय उपटाया आलाव, दादा?" दुसरा नर मिळाला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी साहेबाने मला चित्र काढायला बसवलं. जबडे जागच्या जागी. शेजारी बसून तो एकेक दात सांगत होता आणि मी श्वास रोखून रेघ ओढत होतो. मग दोन्ही कुप्यांभोवती दोरा गुंडाळून म्हणाला, "गाठ तू मार."

मी तीन मारल्या.

पुढे विलायतेहून साहेबाचं पत्र आलं. नराला कूळ मिळालं होतं, माझं चित्रही कामी आलं होतं. फक्त गाठी सुटेनात, तिथल्या विद्वानांना शेवटी कात्री घ्यावी लागली.

आमराई आता उरली नाही. बाहीवर मुंगी चढली की मी अजून आधी पाय मोजतो. तोंडात काही असलंच, तर ते तिचं तिच्यापाशी राहू देतो.