चोराची फटफटी

जेवणं झाली की घरात मी गोष्ट सांगतो, आणि माझ्या गोष्टीतले खून, चोऱ्या सगळं मुंबईत होतं. मुंबई मी पाहिली ती दवाखान्याच्या बाकावरून. पण गुन्ह्याला ती बरी. तिथं माणूस गर्दीत शिरला की शिरला. आमच्या मोताळ्याकडच्या गावात तो पारापर्यंत पोचायच्या आत चौघं विचारतात, "कोनाचा रे तू? कुठी चालला?" रहस्य उरणार कुठून!

यंदा वहिनी म्हणाली, "भाऊजी, मुंबईतच काऊन होते सारं? आपल्या गावातले चोर मेले का?"

मला चेव आला. गोष्ट गावात आणली. खळ्यावरची सोयाबीनची पोती जातात. चोर दिसत नाही, नुसती त्याची फटफटी ऐकू येते, बंद केल्यावरही खोकत राहणारी. इथं थांबलो. "बाकी उद्या." मग पाहुणे आले, सोयाबीनची सोंगणी-कापणी आली, आणि गोष्ट लटकली ती लटकलीच.

मुंबईत अशा फटफट्या हजार असतील. आमच्या गावात एकच, शेजाऱ्याची. आवाज झकास म्हणून मी ती आयती उचलली होती. हा शेजारी हंगामात लोकांच्या खळ्यावर जागल करतो, म्हणजे रात्रीची राखण. त्यावरच त्याचं घर चालतं. माझी गोष्ट नळावर गेली, तिथून बाजारात.

एका सकाळी तो आला. ओट्यावर न बसताच म्हणाला, "भाऊ, चोर कोन निघते ते सांगून टाका बरं. सोयाबीन निघून राह्यलं, अन मले कोनी जागलीले बोलावून नाही राह्यलं."

"चहा घे," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी सगळी आळी अंगणात बोलावून गोष्ट संपवली. पण चोर करावं कुणाला? गावात जो करावा तो कुणाचा तरी निघणारच. शेवटी म्हटलं, चोर मीच. शेजाऱ्याची फटफटी मागून न्यायचो.

"मले पयल्या दिवशीच वाटलं होतं, भाऊजी!" वहिनी म्हणाली. सगळे हसले. शेजारी हसला नाही.

मी म्हटलं, "उद्यापासून माझ्या खळ्यावर ये."

"तुमच्या? लोक म्हनतीन, चोरानंच जागल्या ठेवला."

आला मात्र. हातात बॅटरी, खांद्यावर घोंगडं, गावातून पायी. फटफटी काऊन नाही आणली, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.