तान्ह्यांचा सल्ला घेणारा मेहुणा

श्रीवर्धनपासून उरणपर्यंतच्या किनाऱ्यावर तान्ह्या पोराचा सल्ला घेऊन होडी पाण्यात घालणारा तांडेल एकच झाला, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ. दर्यावर होडी त्याच्या हुकमात, आणि त्याच्या आवाजाला आम्ही खलाशी टरकून असायचो. पण पाळणा दिसला की हा माणूस डोक्याचा रुमाल काढून खाली बसणार. "काय पाटील, वारा दक्षिणेचा हाय. जावं का न्हाय?" एवढं विचारून गप्प. पोर हुंकार देईपर्यंत हलायचा नाही. दिला की मान डोलवायचा, "व्हय, माझंबी तेच मत." एकदा शेजारच्या तान्ह्यानं हुंकाराऐवजी भोकाड पसरलं. यानं होडी काढली नाही. संध्याकाळी बाकीच्यांच्या होड्या भरून आल्या. तेव्हा परत पाळण्याशी जाऊन म्हणाला, "पाटील, आज आपलं दोघांचंबी चुकलं."

बोबड्या बोलाचा त्याला भारी राग. कोणी बाई "मंमं खा, मंमं" म्हणत पोराला भरवू लागली की हा ओट्यावरून ओरडायचा, "फसवू नको गो त्याला. बाळा, तो भात हाय, वर बोंबलाचं कालवण हाय, आन् मीठ कमी पडलंय." मी तोंडावर सांगितलं, दादा, ऊन तुमच्या डोक्यात गेलंय. तो म्हणाला, "दाजी, पोर म्हंजे गावात नवीन आलेला पाव्हणा. त्याला रस्ता सरळ सांगायचा का वाकडा?" मी शाळेत फार गेलेलो नाही. मी जाळं उचललं आणि सरळ रस्त्यानं घरी गेलो.

आमची ठकू तीन वर्षांची झाली तरी तिच्या तोंडातून शब्द नव्हता. गावानं तिला मुकी ठरवली. मीही ठरवली. देवाला नवस झाला, भगताचा दोरा झाला. बायको रोज तिच्यापुढं बसून "आय म्हण गो, एकदा आय म्हण" करायची आणि मग चुलीकडं तोंड करून डोळे पुसायची. मेहुण्यानं तिला कधी 'म्हण' म्हटलं नाही. तो विचारायचा आणि थांबायचा.

आमच्याकडं होडी आली की मासळीचे वाटे वाळूवर मांडतात. भांडण नको म्हणून एका पोराला वाट्यांकडं पाठ करून बसवतात. तांडेल एकेका वाट्यावर हात ठेवून विचारतो, हा कोणाचा? पोर नाव घेईल त्याचा तो वाटा. एके दिवशी मेहुण्यानं तिथं ठकूला आणून बसवली.

"आरं तांडेल, मुकी हाय ती," एक खलाशी म्हणाला.

"तिला काय इचारलंय का कोणी आजवर? नुसतं म्हण म्हण करता." मग वाट्यावर हात ठेवून, "ठकूबाय, हा कोणाचा?"

ठकू दर्याकडं बघत राहिली. ऊन चढलं, घारी खाली उतरू लागल्या.

"मासली सडंल."

"सडू दे. माणूस इचार करतंय."

पाट्या घेऊन आलेल्या बायकाही जवळ सरकल्या. माझी बायको त्यांच्यात होती. तिच्याकडं बघवत नव्हतं.

"आयचा," ठकू म्हणाली.

"आय कुठं होती होडीवर?" कोणीतरी कुरकुरलं. मेहुण्यानं ऐकलं नाही. तो वाटा स्वतः उचलून बहिणीच्या पाटीत घातला. दुसरा वाटा? "आयचा." तिसराही आयचाच. तेव्हा तोच खलाशी हात जोडून पुढं आला, "ठकूबाय, आमच्याबी बायकापोरांचा जरा इचार करा." बायको मासळीच्या मधोमध वाळूत बसली होती, हसत होती का रडत होती कोण जाणे. वाटे तिनं सगळ्यांचे परत केले. घरी मासळी न्यायची मात्र विसरली.

बायकोला जाऊन आता वर्ष होत आलं. माझ्यापुढं तिचं नाव कोणी काढत नाही, मला त्रास नको म्हणून. ठकूदेखील नाही. ती सासरहून, बोर्लीहून बाळंतपणाला आली आहे, आणि घरात तिच्या पोराचा पाळणा टांगलाय. मेहुणा थकलाय, पण रोज काठी टेकत येतो आणि पाळण्याशी बसतो. "ऐका पाटील, तुमची आजी रागावली का तुमच्या आज्याला तिखटानं रडवायची." मी जाळं विणत पाठमोरा बसतो. परवा म्हणाला, "एकदा वादळात आज्याची होडी येईना. आजी दिवसभर खडकावर उभी. शीड दिसलं तशी घराकडं पळाली, त्याला कळू नये म्हणून."

मला हे कधीच कळलं नव्हतं.

मग पोर काय म्हणतंय याची वाट बघत तो गप्प बसला. मीही बसलो.