मी न लिहिलेलं वाक्य

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. घरी बुद्धवंदना, शाळेत रसायनशास्त्र... आणि बुवाबाजीचे चमत्कार फोडायची भारी हौस! म्हणूनच हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. आदिलाबाद जिल्ह्यात, बेला गावाजवळच्या हायस्कूलात मी सायन्स टीचर होतो. तिथला एक बाबा कोरा कागद धुनीवर धरायचा, की त्यावर निळी अक्षरं उमटायची. देवाचा हुकूम म्हणे!

मी लॅबमध्ये कोबाल्ट कार्बोनेटवर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं. फसफसून गुलाबी द्रावण तयार झालं - कोबाल्ट क्लोराइड. पाणी घालून फिकं केलं की कागदावर दिसत नाही. तापवलं की निळं होतं, आणि हवेतला ओलावा लागला की पुन्हा गायब. काडीनं एका कागदावर लिहिलं, 'हे रसायन आहे.' कागद कपाटात, किल्ली माझ्या खिशात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढे शेगडी पेटवली. गर्दीत एक अनोळखी जोडपं होतं - गंगूबाई आणि किसन, ही नावं नंतर कळली. तिच्या खांद्यावर लहानगी लेक, तापानं फणफणलेली.

"अहो, हिला आधी डॉक्टरकडे न्या!"

"कशी नेऊ सर? बाबाच्या कागदावर औषध बंद करा म्हून उमटलं. देवाचा हुकूम मोडू का?"

"तो कागद खोटा आहे, बाई. हा बघा, मी स्वतः लिहिलाय. दादा, तुम्हीच वाचा."

कागद निखाऱ्यांवर धरला. निळी अक्षरं उमटली. सातवी शिकलेला किसन एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचू लागला... "रं-जू-ला... दवाखान्यात... न्या."

अक्षर माझंच होतं - पण हे मी लिहिलं नव्हतं!

"सर, तुमाले रंजूचं नाव कोनं सांगितलं?" गंगूबाईनं विचारलं.

"विचारून काय राह्यली वं? चाल लवकर!" म्हणत किसननं लेकीला उचललं आणि दोघं आदिलाबादच्या बसकडे धावले. आणखी एक दिवस गेला असता तर पोर हाती लागली नसती, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

मी तो कागद शाळेत नेऊन पुन्हा तापवला. 'हे रसायन आहे.' तेवढंच! दहा वेळा तापवला... तेवढंच.

रंजू वाचली, आज तिलाच दोन लेकरं आहेत. त्या सकाळनंतर महिन्याभरानं गंगूबाई नारळ घेऊन आली आणि मी नको नको म्हणत असताना पाया पडली. तिच्या मागे आणखी चार बायका उभ्या होत्या, हातात कोरे कागद घेऊन.