माळ्यावरची सिमेंटची पट्टी

नव्वद सालानंतर कधीतरी आम्ही जळगावात फ्लॅट शोधत होतो. मी शाळेत शिकवायचे, नवरा दीपनगरला नोकरीला. एक फ्लॅट आम्हा दोघांनाही आवडला. पहिला मजला, पूर्वेला गॅलरी, भिंतींना नुकताच पिस्ता रंग दिलेला. तरी व्यवहार ठरवण्याआधी मी धुळ्याहून वडिलांना बोलावून घेतलं. आबांनी जन्मभर गवंडीकाम केलं होतं.

घरमालकीण पन्नाशीच्या, विधवा. मुलाकडे सुरतेला जायचं म्हणून विकत होत्या. त्यांनी चहा टाकला. आबांनी आधी सगळी दारं लावून पाहिली. स्वयंपाकघराचं दार खालून रंधा मारून कमी केलेलं होतं, तरी फरशीला घासत होतं. मग ते स्टूल घेऊन माळ्यावर डोकावले आणि मला वर बोलावलं.

माळ्यावर रंग पोचला नव्हता. भिंतीत तिरपी भेग होती. ती वाढते का ते कळावं म्हणून कुणीतरी तिच्यावर आडवी सिमेंटची पट्टी लावून ठेवली होती. पट्टी मधोमध तुटली होती.

"हाई घर बठी ऱ्हायनं, बेटी," आबा हळूच म्हणाले. घर खाली बसत चाललं होतं. "खाले काळी माती शे. पाया वरवरना शे."

खाली आल्यावर ते बाईंना एवढंच म्हणाले, "अक्का, पट्टी तुम्हीच लावली होती ना?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. आबा जिना उतरले. मी चप्पल घालत असताना बाईंनी माझा हात धरला. "तुम्ही नका घेऊ. पण बाहेर बोलू नका. माझ्याकडे एवढंच आहे."

मी बरं म्हटलं.

महिन्याभरात आमच्याच शाळेतले चित्रकलेचे सर तो फ्लॅट बघून आले. नवीनच लग्न झालेलं. मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही पाहिला होता ना? का सोडलात?"

"आम्हाला स्टँडपासून लांब पडत होता," मी म्हणाले.

त्यांनी तो घेतला. पुढच्या उन्हाळ्यात जमीन तडकली आणि भेग पिस्ता रंगातून खाली खिडकीपर्यंत आली. एका दुपारी छताचा गिलावा शेगडीजवळ पडला. सरांची बायको नुकतीच तिथून उठली होती.

कुठूनतरी त्यांच्या कानावर गेलं, की माझे वडील घर बघून गेले होते. स्टाफरूममध्ये त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

ते आणखी काही विचारतील म्हणून मी थांबले. त्यांनी वह्यांचा गठ्ठा उचलला आणि वर्गावर गेले.

सुट्टीत धुळ्याला गेल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. ते जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. मग म्हणाले, "माले कसाले बलायं व्हतं मंग?"

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर जळगावला आले. सरांच्या घरी गेले, भेग पाहिली, न्हाणीचं पाणी फुटक्या नळीतून घराच्या पायात मुरत होतं ते दाखवलं. नवी नळी टाकून घेतली, खिडकीखाली टेकू दिला. चार दिवस ते रोज जात होते. सरांच्या बायकोने त्यांना रोज जेवू घातलं.

भेग वाढायची थांबली, पण बुजली नाही.

मी आबांना रिक्षाने सोडायला जायचे आणि फाटकाशीच थांबायचे. वर या, असं कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी माझे पाय जिना चढले असते असं वाटत नाही.